बातमी सगळ्यांनी वाचली होती

५ ऑगस्ट २०१९, सोमवार, नागपंचमी. संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या तात्यांनी टीव्ही, शिवणयंत्र, धान्याची दोन पोती आणि देव टेम्पोत घातले, दाराला कुलूप लावलं आणि विश्रामबागला मुलीकडे निघाले. सांगलीच्या गावभागात तोवर रस्ता कोरडा होता. चहाच्या गाड्यावरून कुणीतरी ओरडलंसुद्धा, "तात्या, पंचमीला माहेरी निघालाय व्हय?" तात्या थांबले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "बोर्डावरचं फूट बघू नगंस. वरनं काय सुटलंय त्ये बघ."

बुधवारी रात्री माझ्या तळमजल्यात छातीइतकं पाणी होतं.

तात्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे ना वायरलेस होता, ना मंत्रालयात कुणी ओळखीचा. होतं ते घरोघरी असतं तेच कालनिर्णय. दुधाच्या हिशेबाच्या चौकटीत ते पेन्सिलीने तीन आकडे लिहायचे: कोयना धरणाचा विसर्ग (म्हणजे सोडलेलं पाणी), चांदोली धरणाचा विसर्ग आणि महाबळेश्वरचा पाऊस. तिन्ही आकडे रोजच्या पेपरात छापून येतात, रेडिओवर सांगतात, मोबाइलवर फिरतात. म्हणजे तात्यांना जे कळलं, ते त्या दिवशी सांगली जिल्ह्यात कुणालाही कळण्यासारखं होतं. मलाही, आणि सरकारलाही. त्या आठवड्यात काय काय उघड्यावर पडलेलं होतं आणि त्याची खबर का झाली नाही, याचा हा अभ्यास. पूर कुणामुळे आला हा वाद इथे नाही. तो सांगलीत कट्ट्याकट्ट्यावर चालतो, चालू द्यावा.

आधी शब्दांचं. गुप्तवार्ता म्हटलं की आपल्यासमोर बहिर्जी नाईक उभे राहतात: वेषांतर, रात्रीचा प्रवास, शत्रूच्या गोटातून काढून आणलेली गोष्ट. पण दुसऱ्या महायुद्धापासून जगभरच्या सरकारांनी एक वेगळंच खातं वाढवलं. बसून रेडिओ ऐकायचा, वर्तमानपत्रं वाचायची, आणि जे कुणी लपवलेलंच नाही त्यातून अर्थ काढायचा. बीबीसीने १९३९ मध्ये परदेशी प्रसारणं ऐकणारा विभाग काढला. अमेरिकेने १९४१ मध्ये तसंच केलं. त्या अमेरिकन विभागाने ६ डिसेंबर १९४१ रोजी लिहून ठेवलं होतं की जपानी रेडिओचा सूर एकाएकी कडवट आणि वैरभावाचा झाला आहे. दुसऱ्या दिवशी पर्ल हार्बर झालं. कान बरोबर लागला होता, पण कागद वेळेत योग्य टेबलावर पोचून त्याचं काही झालं नाही. हा किस्सा मी मुद्दाम सांगतोय. उघड माहितीच्या धंद्यात मिळवणं ही सोपी बाजू असते. सगळं अडतं ते पुढे.

आपल्याकडे मराठीत यासाठी दोन चांगले शब्द आहेत. बातमी म्हणजे घडलेलं कळणं. खबर म्हणजे आपल्या कामाचं, वेळेवर, ज्याला लागणार त्याला कळणं. खबर लागते, बातमी येते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत बातम्या भरपूर आल्या.

नकाशा समोर ठेवू. कृष्णा महाबळेश्वराहून उतरते, वाईवरून साताऱ्याच्या अंगाने येते, कऱ्हाडला तिला कोयना मिळते आणि मग ती वाळवा, पलूस करत सांगलीत येते. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला येरळा मिळते. सांगली शहर ओलांडलं की लगेच हरिपूरला वारणा येऊन मिळते. खाली नृसिंहवाडीला पंचगंगा. म्हणून सांगलीचं दुखणं दुहेरी आहे. वरून कोयना आणि कृष्णा ढकलतात, आणि वारणा जोरात असली की ती हरिपूरला आडवी येते, सांगलीचं पाणी पुढे सरकत नाही. चांदोली हे वारणेवरचं धरण, तात्या त्याचा आकडा लिहायचे तो एवढ्यासाठी. चांदोलीचं पाणी सांगलीच्या पुलाखालून जातच नाही, तरी सांगली बुडवायला मदत करतं. पेपरात हा आकडा शिराळ्याच्या बातमीत यायचा आणि कोयनेचा पाटणच्या बातमीत. दोन्ही एकत्र करून हरिपुरात काय होईल हे लिहिणारी बातमी मला त्या आठवड्यातल्या अंकांत सापडली नाही.

कृष्णेवरचा, १९२९ मध्ये बांधलेला आयर्विन पूल ही आमची मोजपट्टी. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. शहरातल्या प्रत्येकाला हे पाठ असतं. आणि प्रत्येकाला २००५ पाठ होतं. त्या वर्षी पाणी ५४ फुटांच्या आसपास गेलं होतं. किती भिंतींवर तेव्हाची रेघ होती! नवीन घर बांधताना जोतं त्या रेघेच्या वर घ्यायचं, दुकानातली फळी त्या रेघेच्या वर ठोकायची, ही रीतच पडली होती. २०१९ मध्ये लोकांनी सामान हलवलं नाही असं नाही. हलवलं, पण २००५ च्या रेघेच्या वर. माझ्या ओळखीच्या एका कापड दुकानदाराने रात्रभर जागून अख्खा माल माळ्यावर चढवला. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि माळ्यावर चढलं. त्याने मेहनत केली होती, माहितीही होती. चूक एवढीच की मोजमाप जुन्या पुराचं होतं.

मीही तेच केलं. पुलाचा फलक बघून आलो, ४५ च्या आसपास पाणी होतं, मनात ५४ मधून ४५ वजा केले आणि म्हटलं, अजून नऊ फूट आहेत. आता लिहिताना लाज वाटते, पण प्रकरणाचा गाभा इथेच आहे. पुलावरचा आकडा आत्ताचं पाणी सांगतो. उद्याचं पाणी कोयनानगरला, धरणापाशी असतं.

कोयनेची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. एक टीएमसी पाणी चोवीस तासांत सोडायचं तर विसर्ग सुमारे ११,५७४ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, ठेवावा लागतो. पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडले तर बातमी होते, पण नदीला जाणवतही नाही. सहा वक्र दरवाजे उचलून एक लाख क्युसेक सोडले की एका दिवसात साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी नदीत उतरतं, धरणाच्या बाराव्या हिश्श्याएवढं. त्या आठवड्यात कोयनेचा विसर्ग लाखाच्या पुढे गेला होता. हे पाणी सांगलीत यायला नदीकाठची माणसं साधारण दीड दिवस धरतात. तात्यांनी हाच गुणाकार केला होता. पाचवीपर्यंतचं गणित आणि दीड दिवसाचा हिशेब, दुसरं काही नाही.

आणि आकडे लपवलेले नव्हते, उलट चारी बाजूंनी येत होते. हवामान खातं साताऱ्याच्या आणि कोल्हापूरच्या घाटमाथ्यासाठी लाल इशारे देत होतं. जलसंपदा विभागाची धरणांची रोजची आकडेवारी प्रसिद्ध होत होती. कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी पाऊस आणि पाणीपातळी लगोलग कळवणारी स्वयंचलित यंत्रणा २०१९ च्या आधीच उभी राहिलेली होती. कर्नाटकची आपत्ती निवारणाची संस्था सांगलीच्या खाली कृष्णेवरच असलेल्या अलमट्टी धरणाची पातळी, आवक आणि विसर्ग रोज संकेतस्थळावर टाकते. कन्नड येत नसलं तरी आकडे वाचता येतात. आकाशवाणी सांगली होती. पुढारी, सकाळ, लोकमत, तरुण भारत यांची सांगलीची पानं होती. प्रशासनही गप्प नव्हतं. नदीकाठच्या लोकांनी सतर्क राहावं असे इशारे निघत होते, भोंगा लावलेल्या गाड्या फिरत होत्या, दत्तनगर आणि सूर्यवंशी प्लॉटमधली घरं हलवली जात होती, जशी दर मोठ्या पावसात हलवली जातात.

फक्त "सतर्क राहावं" यात किती फूट आणि किती वाजता हे नसतं. टिळक चौकातल्या माणसाने ऐकलं तर त्याला वाटतं, हे सूर्यवंशी प्लॉटला सांगताहेत.

त्यात तो सोमवार. सकाळी अकराच्या सुमारास राज्यसभेत कलम ३७० चा विषय आला आणि देशातल्या सगळ्या वाहिन्या तिकडे गेल्या. मंगळवारी रात्री सुषमा स्वराज गेल्या, बुधवार त्यात गेला. ज्याला त्याचं काम राष्ट्रीय बातम्यांवरून कळतं, अशा माणसाच्या टेबलावर त्या तीन दिवसांत सांगली आलीच नसणार. उघड माहितीवर चालणाऱ्या कुठल्याही व्यवस्थेची ही जुनी खोड आहे. माध्यमांची नजर जिथे वळेल तिथे तीही वळते. दिल्लीत २००८ पासून वाहिन्यांवर लक्ष ठेवणारं सरकारी केंद्र आहे. शेकडो वाहिन्या तिथे रेकॉर्ड होतात. पण सगळ्या वाहिन्या एकच गोष्ट दाखवत असतील तर शेकडो बघून एकच गोष्ट कळते.

मग जिल्ह्यातली वर्तमानपत्रं कोण वाचतं? वाचणारे आहेत, आणि बारकाईने वाचणारे आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप हंगाम तोंडावर आला की बघा. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत पहिली उचल, म्हणजे उसाच्या दराचा पहिला हप्ता, किती मागितली, कुठल्या गावात ट्रॅक्टर अडवले, कुठल्या कारखान्याच्या गव्हाणीत उडी मारायची भाषा झाली, हे सगळं पोलिसांच्या 'गोपनीय'वाल्या, म्हणजे खबर काढणाऱ्या, हवालदाराला सकाळी नऊच्या आत माहीत असतं. तो चहाच्या टपरीवर उभा असतो, सगळे त्याला ओळखतात, नमस्कारही करतात. त्याचं निम्मं काम स्थानिक पान वाचणं आणि बोर्डावरचं सभेचं आमंत्रण टिपून घेणं हेच. तिथे बातमीची खबर होते, कारण वाचणाऱ्याच्या डोक्यात प्रश्न तयार असतो: उद्या कुठे, किती माणसं, किती वाजता. संध्याकाळपर्यंत बंदोबस्त लागतो. पुराला हेच तीन प्रश्न लागतात, फक्त माणसांच्या जागी पाणी.

दुसरा वाचक म्हणजे कात्रणं कापणारा. सरकारी कार्यालयात रोजच्या पेपरांतून आपल्या खात्याबद्दल आलेल्या बातम्या कापायच्या, कागदावर चिकटवायच्या, साहेबांसमोर ठेवायच्या. बातमी विरोधात असेल तर त्यावर 'खुलासा सादर करावा' असा शेरा पडतो. अशाच एका कार्यालयात, नाव घेत नाही, मी पुरानंतर काही महिन्यांनी त्या आठवड्याची कात्रणं बघायला मागितली. तिथल्या बाईंनी आढेवेढे न घेता फाइल पुढे केली. मदत उशिरा मिळाल्याच्या बातम्या होत्या, बोटी कमी पडल्याच्या होत्या, पंचनाम्यातल्या तक्रारी होत्या, मंत्र्यांच्या पाहणीचे फोटो होते. कोयनेच्या विसर्गाची बातमी एकही नव्हती. बाई म्हणाल्या, "ती आमच्याबद्दलची नाही ना." त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना सांगितलेलं काम त्यांनी नीट केलं होतं.

मला वाटतं या प्रकरणातलं दुखणं तंत्राचं नाही, वाचण्याच्या हेतूचं आहे. आणि तो हेतू जुना आहे. मुंबई इलाख्यात इंग्रज सरकार देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी सारांश दर आठवड्याला करून घेत असे. सातारा-पुण्यातलं छापील अक्षर त्यात यायचं. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला तो केसरीतल्या मजकुराच्या सरकारी भाषांतरावर. त्याच केसरीत त्याच काळात दुष्काळावर आणि प्लेगवर पानंच्या पानं येत होती. सरकारने शब्द न् शब्द वाचला, पण वाचला तो आपल्याला कोण काय म्हणतं हे बघायला. गोरे गेले, कात्रणाचा गोंद राहिला. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने सुमारे दहा कोटी रुपये खर्चून माध्यमांवर नजर ठेवणारं केंद्र उभारायचा निर्णय घेतला. त्यात बातम्यांची वर्गवारी सकारात्मक आणि नकारात्मक अशी करायचं ठरलं. कोयनेतून लाख क्युसेक सुटले ही बातमी यातल्या कुठल्या खणात टाकणार, हे मला खरंच कुणाला तरी विचारायचं आहे.

दुसऱ्या बाजूचंही लिहायला हवं. सरकारने सगळं वाचावं असं म्हणणं सोपं आहे, पण वाचणारा पाण्याच्या निमित्ताने बसतो आणि माणसांवर येऊन थांबतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये समाजमाध्यमांवर लक्ष ठेवणारी एक मोठी यंत्रणा उभारायची निविदा काढली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, ही पाळत ठेवणाऱ्या राज्याकडे वाटचाल ठरेल अशी टिप्पणी झाली, आणि सरकारने निविदा मागे घेतली. बरं झालं. सांगलीला माझ्या पोस्टची गरज नव्हती, पाटणच्या पर्जन्यमापकाची होती.

पोस्टबद्दल बोलायचं तर त्या दिवसांत आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जे चाललं होतं त्याला चाळण लावणं कुणाच्याही आवाक्याबाहेरचं होतं. वाहत्या पुलाची एक चित्रफीत मी स्वतः पुढे ढकलली. पुलाला लोखंडी कमानी होत्या. आयर्विनला लोखंडी कमानी नाहीत हे मला, सांगलीत जन्मलेल्याला, पाठवून झाल्यावर सुचलं. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ५४ व्या कलमाखाली खोटा इशारा पसरवणाऱ्याला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण भीती वाटलेल्या माणसाला कलम आठवत नाही. त्या गटावरच्या शेकडो निरोपांत कामाचे निरोप बारा-पंधरा असतील. ते ओळखायची खूण मात्र नंतर लक्षात आली: ते कंटाळवाणे होते. "कर्नाळ रोडला शिवशंभो चौकात दुचाकी जात नाही, साडेचार वाजलेत." जागा, वेळ, आणि काय थांबलं. उद्गारचिन्ह नाही.

हीच खूण मोठ्या प्रमाणावर लावता येते. जिल्ह्यात त्या आठवड्यात सर्वांत विश्वासाची उघड माहिती कुठून मिळत होती असं मला विचाराल तर मी एसटीच्या रद्द फेऱ्यांकडे बोट दाखवीन. चालक पाणी बघून गाडी वळवतो, आगाराला कळवतो, फलकावर खडूने लिहिलं जातं. कुठलं गाव तुटलं हे तिथे तासाभरात कळतं. दुसरी खूण दुधाची. भिलवडी पट्ट्यात दूध गाडीत चढलं नाही की रस्ता गेला असं समजायचं. पुढे मुंबईत दूध कमी पडलं तेव्हा राज्याला पुराची खोली कळली, पण पलूस-वाळव्यातल्या गवळ्यांना ती तीन दिवस आधी कळली होती. या नोंदींना कुणी गुप्तवार्ता म्हणत नाही. एसटीचा फलक आणि दूध संकलनाची वही रोज दुपारी जिल्ह्याच्या नकाशावर ठेवून कोणी खुणा केल्या असत्या, तर कुठल्या गावाला बोट आधी लागणार ते दिसलं असतं.

८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटली. पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांनी ती खच्चून भरलेली होती. १७ जण गेले, त्यांत बायका आणि लेकरं जास्त. येरळा आणि कृष्णेच्या संगमावरचं हे गाव पाण्याने वेढलं जाणार हे नकाशा बघणाऱ्याला आधी कळतं आणि गावात राहणाऱ्याला त्याहून आधी. पुण्याजवळून आलेली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं जिल्ह्यात काम करत होती, नंतर नौदलही आलं. पण कुठल्या गावाला कधी बोट लागेल याची यादी मदत मागणाऱ्यांच्या फोनवरून बनत होती, आणि ज्यांच्या मोबाइलची बॅटरी संपली त्यांची गावं यादीत खाली राहतात. यावर मला जास्त लिहवत नाही.

अलमट्टीचं एवढंच. १२३ टीएमसीचं ते धरण, आणि सांगलीतल्या बहुतेकांचा ठाम समज की त्याच्या फुगवट्यानेच, म्हणजे तिथे अडून मागे तुंबलेल्या पाण्यानेच, आम्ही बुडालो. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मे २०२० मध्ये दिलेल्या अहवालात मुख्य दोष थोड्या दिवसांत पडलेल्या अफाट पावसावर ठेवला आणि नदीपात्रातल्या अतिक्रमणांवरही बोट ठेवलं. लोकांना ते पटलं नाही, अजून पटत नाही. मी न्यायनिवाडा करत नाही. पण त्या आठवड्यात अलमट्टीची आवक-जावक रोज उघड होती, आणि विसर्ग पाच लाख क्युसेकच्या घरात नेईपर्यंत दोन राज्यांत वरच्या पातळीवर बोलणी करावी लागली. आकडा दोन्हीकडे दिसत होता, त्याचा अर्थ दोन्हीकडे एकच लागायला मात्र माणसांनी माणसांशी बोलावं लागलं. जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील बंगळूरला जाऊन कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले ते याचसाठी.

त्याच्या महिन्याभरात परीक्षा झाली. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरवर आभाळ फाटलं, चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आले. सांगलीत पाणी चढत चढत २५ तारखेला ५५ फुटांच्या आसपास गेलं. दोन वर्षांपूर्वीच्या पुराहून फार कमी नाही. पण या वेळी गावभागातली घरं आधीच रिकामी होती, गणपती पेठेतल्या दुकानांतला माल ट्रकमधून माधवनगरकडे निघाला होता, आणि इशाऱ्यांत अमुक दिवशी अमुक फुटांपर्यंत अशी भाषा आली होती. किती श्रेय प्रशासनाचं आणि किती २०१९ च्या नव्या रेघेचं, हे वेगळं काढता येत नाही. मला रेघेचं जास्त वाटतं.

हा अभ्यास करताना मला २०१९ चे जुने अंक हवे होते. नगर वाचनालयात गेलो तर तिथली हजारो पुस्तकं त्याच पुरात गेलेली. शेवटी अंक मिळाले विश्रामबागेत, तात्यांच्या मुलीकडे, रद्दीत. कालनिर्णयही होतं. ऑगस्टचं पान काढून बघितलं. ३ तारखेच्या चौकटीत दूध एक लिटर, खाली तीन आकडे. ४ तारखेला दूध एक लिटर, तीन आकडे, त्यातला कोयनेचा दोनदा गिरवलेला. ५ तारखेला दूध नाही. आकडेही नाहीत. नुसतं लिहिलंय: "टेम्पो, ३५० रु."